चातुर्मासातलं डांबर

मिरगाचे दोन-तीन जोरदार पाऊस झाले की बालाघाट जिल्ह्यातल्या रामपायलीच्या आसपास धानाच्या बांध्या भरतात आणि बेडूक बाहेर पडतात. या बांधीतून त्या बांधीत जायचं तर मध्ये डांबरी रस्ता. दिवसा तापलेलं डांबर रात्री बराच वेळ ऊब धरून राहतं, म्हणून धामण, नाग, मण्यार त्यावर येऊन पडतात. शिवाय बेडूकही तिथंच असतात. रातवा पक्षी तर रस्त्यावरच बसतो आणि दिव्याचा झोत अंगावर आला तरी शेवटच्या क्षणापर्यंत उठत नाही. सकाळी वारासिवनीकडे निघालेल्या माणसाला या सगळ्यांचे चपटे झालेले देह दिसतात. ते खायला कोल्हा येतो, मुंगूस येतं, आणि कधी रेतीच्या टिप्परखाली तेही जातात. पंचनामा कोणाचाच होत नाही.

याच महिन्यांत आपल्याकडे एके काळी माणसं चालायची थांबत. माणसं म्हणजे ज्यांचं जगणंच चालण्याचं होतं ती: भिक्खू, जैन साधू, संन्यासी. विनयपिटकात, म्हणजे बौद्ध भिक्खूंच्या नियमग्रंथात, या वर्षावासाचं कारण दिलं आहे, आणि ते चिखल किंवा नदीचा पूर हे नाही. लोकांनीच तक्रार केली होती, की हे भिक्खू पावसाळ्यातही हिंडतात, हिरवं गवत तुडवतात, बारीकसारीक जीव चिरडतात. ती तक्रार बुद्धांनी मान्य केली. जैन साधू आजही चातुर्मासात एका गावी राहतात, आणि एरवी चालतानाही पुढची चार हात जमीन न्याहाळत चालतात. त्याला ईर्यासमिती म्हणतात. कार्तिक पौर्णिमेला श्वेतांबर साधू पुन्हा वाटेला लागतात. त्याच कार्तिक पौर्णिमेला चंदन नदीकाठी रामपायलीची जत्रा भरते. वनवासात राम इथं आले होते, अशी इथल्या लोकांची श्रद्धा आहे. ते पायी आले असणार, हे वेगळं सांगायला नको.

पायांची गती आणि नजरेचा पल्ला यांचा मेळ असतो. ताशी ऐंशी किलोमीटरच्या गाडीत तो तुटतो. ती गाडी एका सेकंदाला बावीस मीटर जाते. समोर काही आहे हे डोळ्यांना कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सेकंद-दीड सेकंद निघून जातो, म्हणजे गाडी पंचवीस-तीस मीटर पुढे गेलेली असते; थांबायला आणखी तितकं तरी अंतर लागतं. अंधारात, ओल्या रस्त्यावर, त्याहूनही जास्त. तेव्हा ‘एकदम समोर आला हो, काय करणार?’ हे चालकाचं म्हणणं खोटं नसतं. त्या क्षणी खरोखर काहीच करता येत नाही. करता येण्याजोगं जे होतं ते जंगल सुरू झालं तिथं, गाडीचा काटा चाळीसवर आणायचा की नाही हे ठरवताना होतं.

ऑगस्ट 2023 मध्ये गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात एका तरुण वाघाला गाडीची धडक बसली. त्या वर्षी अधिक श्रावण होता, चातुर्मास पाच महिन्यांचा. जखमी वाघ मागचं अंग ओढत रस्त्यावरून सरकतो आहे, असा व्हिडिओ देशभर फिरला. उपचारासाठी नागपूरला नेताना तो मेला. नवेगाव आणि नागझिरा या दोन जंगलांमध्ये ये-जा करणाऱ्या जनावरांना असे रस्ते ओलांडल्यावाचून गत्यंतर नाही. व्हिडिओ पाहून हळहळलेल्यांत त्याच रस्त्यानं रोज जाणारे कितीतरी असतील, आणि त्यांची हळहळ मनापासूनची असेल यात मला शंका नाही.

लीळाचरित्रात चक्रधरस्वामींची सशाची लीळा आहे. कुत्री मागे लागलेला ससा स्वामींच्या मांडीखाली शिरतो; पारधी येऊन तो मागतात; शरण आलेल्याला स्वामी सोडत नाहीत. पारध्यांशी ते बोलतात, आणि त्यांचं मन वळतं. हे होऊ शकलं, कारण तिथं पारधी होता. त्याच्या मनात ससा मारायचा हेतू होता, आणि हेतू असला की त्याच्याशी वाद घालता येतो. मुरदोलीत पारधी कोण? कोणालाच वाघ मारायचा नव्हता, तशी कुणाला धामणही मारायची नसते. हेतूवर पाप-पुण्य तोलायची आपली सवय इथं लंगडी पडते. जैन विचारानं मात्र यालाही एक जागा ठेवली आहे: प्रमाद, म्हणजे गाफीलपणा. हेतू नसला तरी गाफीलपणानं जीव गेला, तर त्यांच्या लेखी ती हिंसाच.

सरकारनं काहीच केलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. नागपूर-सिवनी महामार्ग पेंच व्याघ्र प्रकल्पातून जातो. त्याचं चौपदरीकरण वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्यांत अडकलं, आणि त्या भांडणातूनच महाराष्ट्राच्या हद्दीत जनावरांना खालून जाण्यासाठी नऊ बांधकामं झाली. त्यांची लांबी पन्नास मीटरपासून साडेसातशे मीटरपर्यंत आहे. भारतीय वन्यजीव संस्थेनं 2019 मध्ये तिथं कॅमेरे लावले, तेव्हा अठरा जातींचे वन्य प्राणी त्या पुलांखालून जाताना टिपले गेले. अकरा वेगवेगळे वाघ मिळून एकोणनव्वद वेळा गेले होते. पुढं मध्यप्रदेशच्या बाजूला आवाज आणि दिव्यांचा झोत अडवायला चार मीटर उंच भिंती उभ्या राहिल्या. हे काम चांगलं आहे. पेंच ते कान्हा हा जंगलाचा पट्टा सिवनी आणि बालाघाट जिल्ह्यांतून जातो. तो तुटला तर दोन्हीकडचे वाघ आपापल्या बेटांवर अडकतील.

पण या पुलांनी आपल्याकडून पैसा घेतला, वेळ घेतला नाही. वरून गाडी पूर्वीपेक्षा जास्तच वेगानं जाते. आणि असले पूल महामार्गाला परवडतात, वाघ आहे म्हणून मिळतात. खैरलांजीच्या किंवा वारासिवनीच्या रस्त्याखाली बेडकांसाठी कोणी पूल बांधणार नाही. ती अपेक्षाही नाही.

आपला वेळ सोडण्याची ठळक गोष्ट या देशात एकच मला आठवते: कर्नाटकात बंडीपूरच्या जंगलातून केरळकडे जाणारा महामार्ग 2009 पासून रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो. रुग्णवाहिका आणि मोजक्या बस तेवढ्या सोडतात. रस्त्याचा हा रोजचा, नऊ तासांचा चातुर्मास. पलीकडच्या वायनाडच्या लोकांना तो जाचतो. भाजीपाला अडतो, फेरा पडतो. 2019 मध्ये तिथं मोठी आंदोलनं झाली. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. शहरात बसून जंगलातला रस्ता बंद करा म्हणायला काही लागत नाही. रामपायलीचा रोगी मध्यरात्री गोंदियाला न्यायचा झाला, तर त्याच्या मुलाला मी ईर्यासमिती सांगायला जाणार नाही.

मात्र सगळ्याच गाड्यांत रोगी नसतो, आणि सगळीकडे रस्ता बंदही करावा लागत नाही. पंधरा किलोमीटरचं जंगल ऐंशीच्या वेगानं सव्वाअकरा मिनिटांत संपतं, चाळीसच्या वेगानं साडेबावीस मिनिटांत. फरक सव्वाअकरा मिनिटांचा. लग्नाहून परतणाऱ्याला ती सहज देता येतील. ज्याची मजुरी खेपेवर ठरते त्या टिप्परवाल्याला ती जड जातील. चार खेपांची तीन झाली तर त्याच्या घरी काय सांगायचं? म्हणून पावसाळ्यातली रेतीची, धानाची, खनिजाची वाहतूक दिवसा उरकावी, आणि खेप कमी झाल्याचं नुकसान चालकाच्या नव्हे, मालकाच्या खात्यावर पडावं. जिल्हा प्रशासन मनावर घेईल तर जून ते ऑक्टोबर एवढ्यापुरता असा नियम करायला साडेसातशे मीटरचा पूल लागत नाही.