पाठीमागचा तंबोरा

डिजिटल संगीताच्या जाहिरातीत रेझोल्यूशन म्हणजे दोन आकडे असतात. सीडीचे आकडे 16 बिट आणि 44.1 किलोहर्ट्झ, तर ‘हाय-रेझ’ फाइलचे 24 बिट आणि 96 किंवा 192 किलोहर्ट्झ. आकडा मोठा तर तपशील जास्त, हा समज छायाचित्रांच्या जगातून उसना आलेला आहे. तिथे ठिपके वाढवले की पानांच्या शिरा दिसू लागतात. आवाजाचे तसे नाही. नायक्विस्ट आणि शॅनन यांच्या सिद्धांतानुसार, नमुने घेण्याच्या वेगाच्या निम्म्याहून कमी वारंवारतेची लहर त्या नमुन्यांतून पूर्ण परत उभी करता येते. दोन नमुन्यांच्या मधे काही सांडत नाही, आणि यंत्रातून बाहेर पडणाऱ्या लहरीत जाहिरातीतल्यासारख्या पायऱ्याही नसतात. सीडीची मर्यादा 22,050 हर्ट्झ. माणसाचा कान तरुणपणी फार तर 20,000 हर्ट्झपर्यंत पोचतो आणि वयाबरोबर खाली येतो. बिट ठरवतात ती तळाशी उरणारी खरखर. सर्वांत मोठ्या आवाजापासून ती एका बिटामागे साधारण 6 डेसिबलने खाली जाते, म्हणजे सोळा बिटांत 96. ध्वनिमुद्रण करताना 24 बिटांचा उपयोग निश्चित आहे, कारण गायक कधी आवाज चढवील याचा नेम नसतो आणि वरच्या बाजूला मोकळी जागा राखावी लागते. पण घरी ऐकताना रेझोल्यूशनचा अर्थ वेगळा घ्यावा लागतो: एकाच वेळी वाजणारे दोन आवाज कानाला वेगळे ओळखता येणे. हा गुण फाइलचा नाही, ध्वनिमुद्रणापासून कानापर्यंतच्या सगळ्या वाटेचा आहे. आणि तो हरवतो तेव्हा बहुतेक वेळा फाइलमध्ये हरवलेला नसतो.

याला पुरावा आहे. 2007 मध्ये मेयर आणि मोरान यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ या हाय-रेझ तबकड्यांचे संगीत एकदा सरळ आणि एकदा सीडीच्या दर्जात उतरवून ऐकवले, आणि कोणते कोणते ते श्रोत्यांनी न बघता ओळखायचे होते. 554 प्रयत्नांत 276 उत्तरे बरोबर आली. नाणेफेकीतही साधारण तेवढीच येतात. यावर आक्षेप असा, की ते श्रोते तयार नव्हते किंवा साधने पुरेशी चांगली नव्हती. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. 2016 मध्ये जोशुआ राइस यांनी अशा 18 अभ्यासांची एकत्र छाननी केली, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण 52 टक्क्यांच्या थोडे वर निघाले आणि मुद्दाम सराव दिलेल्या श्रोत्यांत ते 60 टक्क्यांच्या आसपास गेले. तेव्हा फरक अजिबात नसतोच, असे म्हणणे हट्टाचे ठरेल. पण जो फरक ओळखायला सराव लागतो आणि तरीही दहातली चार उत्तरे चुकतात, तो दिवाणखान्यातल्या ऐकण्यात कितवा मानायचा?

कारण त्याच दिवाणखान्यात याहून कितीतरी मोठे फरक उघड वावरत असतात. आपल्या शांत खोलीतही 30 डेसिबलच्या आसपास आवाज असतो आणि पंखा लावला की तो वाढतो. सीडीची तळाची खरखर त्याखाली गाडली जाते. स्पीकरमध्ये 1 टक्का डिस्टॉर्शन असेल, आणि खालच्या स्वरांत आवाज मोठा केला की ते सहज होते, तर तो मळ मूळ आवाजापेक्षा फक्त 40 डेसिबलने खाली असतो. समोरासमोरच्या दोन भिंतींत 3.4 मीटर अंतर असेल तर 50 हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले आवाज खोलीत घुमत राहतात. खालचा मोठा आवाज वरच्या बारीक आवाजांना झाकतो, हा कानाचा स्वभाव आहे. म्हणून डग्गा घुमत राहिला की त्यामागचा तंबोरा पुसट होतो, मग फाइल कितीही बिटांची असो. जवारी नीट लागलेल्या तंबोऱ्यातून सुटणारे उपस्वर गाण्याच्या पाठीमागे एकेक करून कानावर येतात का, ही मला कुठल्याही आकड्यापेक्षा भरवशाची कसोटी वाटते. त्या कसोटीवर स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढणे आणि उघड्या फरशीवर जाड सतरंजी टाकणे हे उपाय महागड्या डीएसीच्या (डिजिटल संकेताचे ध्वनिलहरीत रूपांतर करणाऱ्या यंत्राच्या) पुढे जातात. (दुकानदाराला मात्र सतरंजी विकायची नसते.) दुकानात ‘तपशील’ म्हणून जे खपते, ते पुष्कळदा वरच्या स्वरांना दिलेला नुसता उठाव असते. झांजा लखलखतात, श्वास ऐकू येतो आणि अर्ध्या तासात कान थकतात.

कोणी म्हणेल, पण हाय-रेझ आवृत्ती खरोखरच चांगली वाजते, हा अनेकांचा अनुभव आहे. अनुभव खरा आहे, त्याचे कारण मात्र दुसरीकडे आहे. मेयर आणि मोरान यांनाही त्या तबकड्या सामान्य सीडींपेक्षा सरस वाटल्या होत्या, आणि सीडीच्या दर्जात उतरवल्यावरही तो सरसपणा टिकला, कारण त्यांचे मास्टरिंगच, म्हणजे तबकडीसाठीची अंतिम ध्वनिजुळणीच, जास्त काळजीने झाली होती. उलट उदाहरण मेटालिका या रॉक बँडच्या 2008 च्या ‘डेथ मॅग्नेटिक’ या अल्बमचे. त्याची सीडी इतकी दाबून मोठ्या आवाजात भरली होती, की तीच गाणी ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममध्ये अधिक मोकळी वाजतात, अशी चाहत्यांची तक्रार होती. अशा मास्टरची 192 किलोहर्ट्झ प्रत काढली, तरी ढोलाचा चिरडलेला ठोका परत येणार नाही.

याउलट, आकड्यांत कमी पडूनही स्वर सुटे राखणारे एक जुने उदाहरण आहे. गायिका केसरबाई केरकरांची भैरवीतली ‘जात कहाँ हो’ 1977 मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अवकाशात गेली. मूळ 78 आरपीएमचे साडेतीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण. त्याची खरखर आणि वरच्या स्वरांतला तोकडेपणा आजच्या कुठल्याही मोजमापात नापास होईल. तंबोऱ्याची झिलई त्यात बरीचशी बुडाली आहे, आणि ती हानी खरी आहे. पण तानेतला एक स्वर दुसऱ्यापासून सुटा होतो तो ज्या पट्ट्यात, तो पट्टा त्या तबकडीने पकडला आहे. स्वर त्यात एकमेकांत मिसळत नाहीत.

आता दोन फाइलींची तुलना घरी करायचीच असेल, तर आधी दोन्हींचा आवाज काटेकोर सारखा करावा लागतो. अर्ध्या डेसिबलचा फरकही ‘आवाज मोठा झाला’ असा कळत नाही. तो ‘जास्त स्पष्ट वाजते’ असा जाणवतो. पुष्कळ वादांचा निकाल आवाजाच्या त्या बटणापाशीच लागलेला असतो.