अपडेटला घाबरणारे संगणक

12 मे 2017 रोजी वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला आणि ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. तो ज्या फटीतून शिरला, ती बुजवणारा अपडेट चालू विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. औषध निघालं होतं. ते घेतलंच गेलं नव्हतं.

आपल्याकडे ते का घेतलं जात नाही, हे गल्लीतल्या झेरॉक्सच्या दुकानात कळतं. विंडोज क्रॅक केलेलं असतं. टाकून देणारा पोरगा बजावून जातो, "काका, अपडेट बंदच ठेवा, नाहीतर स्क्रीन काळी होईल." काका ते वर्षानुवर्षं पाळतात. आणि त्याच संगणकावर रोज लोकांची आधार कार्डं, पॅन कार्डं, पासबुकाची पानं येऊन पडतात.

लिनक्सकडे वळायचं सर्वांत भक्कम कारण मला इथे दिसतं. उबुंटू किंवा मिंटसारखं लिनक्स फुकट आणि रीतसर मिळतं, त्यामुळे अपडेट करताना पकडलं जायची धास्ती नाही. सॉफ्टवेअरही बहुतेक वेळा अधिकृत भांडारातूनच येतं, कुठल्या तरी साइटवरून उतरवावं लागत नाही. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज 11 ज्यांना नाकारतं असे कितीतरी धडधाकट संगणक मिंटवर आरामात चालतील.

मात्र 'लिनक्सला व्हायरस लागत नाही' म्हणून कुणी वळत असेल, तर त्याला आधीच सावध केलं पाहिजे. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या लिनक्सवर सर्रास असणाऱ्या प्रकल्पात चोरदरवाजा सापडला. घालणाऱ्याने आधी दोनेक वर्षं इमानेइतबारे काम करून विश्वास कमावला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढंच खटकलं, तो मुळाशी गेला, म्हणून जग वाचलं. प्रकल्प सगळ्यांसाठी खुला होता. पण असा चिवट माणूस भेटावा लागला.

मराठीची अडचण वेगळीच आहे. आपल्या डीटीपीवाल्यांचं आयुष्यभराचं काम युनिकोडपूर्व फॉन्टांत आणि पेजमेकरमध्ये अडकलंय. त्यांना 'लिनक्स घ्या' म्हणणं अन्याय आहे. त्यांनी जुनं मशीन इंटरनेटपासून तोडून फक्त छपाईला ठेवावं, मेल आणि बँकेसाठी दुसऱ्यावर लिनक्स घ्यावं, आणि जमेल तशा फाइली युनिकोडमध्ये आणत जाव्यात.