तुम्हाला इथे का यायचं आहे?

मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावर खातं उघडायला गेलं की काही सर्व्हर एक छोटी चौकट पुढे करतात: तुम्हाला इथे का यायचं आहे? त्या चौकटीत आपण जे लिहू ते तो सर्व्हर चालवणारं माणूस वाचतं आणि मग होकार कळवतं. लोणावळ्याच्या तुंगार्लीत पहाटेपासून पावसानं जोर धरला होता, धरणापर्यंत फिरून येणं शक्य नव्हतं, म्हणून मी हे राहिलेलं काम काढलं आणि त्या चौकटीपाशी बराच वेळ अडलो. नाव, जन्मतारीख, मोबाइल नंबर आजवर सगळ्यांनीच मागितलं. का येताय, हे कुणी विचारलं नव्हतं. शेवटी लिहिलं, "मावळातल्या पावसापाण्याबद्दल आणि वाटांबद्दल मराठीत लिहायचं आहे. लिहिलेलं एकाच्याच मर्जीवर राहू नये, असं वाटतं." दुसऱ्या दिवशी सकाळी होकार आला.

हे लिहिताना मनात ऑर्कुट हे जुनं समाजमाध्यम होतं. २००४ साली ते सुरू झालं. किल्ल्यांच्या वाटा, कवितांवरचे वाद, पाककृती, गावोगावच्या आठवणी असं किती मराठी तिथे लिहिलं गेलं! ३० सप्टेंबर २०१४ रोजी मालकांनी ते बंद केलं. मग २०२० मध्ये 'कू' आलं. ते भारतीय होतं, मराठीत लिहिण्याची सोय होती, सरकारच्या आत्मनिर्भर भारत ॲप स्पर्धेत निवडलं गेलं होतं, मंत्रीही तिथे गेले. जुलै २०२४ मध्ये तेही बंद झालं. माध्यम देशी की परदेशी, यावर आपण हिरिरीनं बोलतो. किल्ली किती जणांच्या हातात आहे, हा प्रश्न मला त्याहून मोठा वाटतो.

लोणावळ्यात राहणाऱ्याला तो समजायला फार लांब जावं लागत नाही. वळवणच्या तलावात साठलेलं पाणी टाटांच्या वीजयोजनेचं. घाट उतरून ते खोपोलीला जातं आणि तिथे वीज तयार होते. तुंगार्लीचं धरण त्यामानानं लहान, पण ते गावाच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेलं. पाऊस दोन्हीकडे सारखाच पडतो. ते पाणी कुठे जाणार, हे मात्र साठा ज्याचा तो ठरवतो. समाजमाध्यमांचंही तसंच. लिहिणारे आपण, वाचणारे आपण. तरी कुणाचं लिहिणं कुणापर्यंत पोचवायचं हे आजवर साठ्याचा मालक ठरवत आला.

मॅस्टोडॉन २०१६ साली ऑयगन रोश्को या जर्मनीतल्या तरुणानं सुरू केलं. त्याचे सर्व्हर अनेक, चालवणारे वेगवेगळे, प्रत्येकाचे नियम आपापले. तरी एका सर्व्हरवरचा माणूस दुसरीकडच्या माणसाला फॉलो करू शकतो, कारण सगळे 'ॲक्टिव्हिटीपब' नावाची एकच पद्धत पाळतात. वेबचे संकेत ठरवणाऱ्या संस्थेनं, म्हणजे डब्ल्यूथ्रीसीनं, जानेवारी २०१८ मध्ये तिला मान्यता दिली. भारतीयांची पहिली मोठी लाट तिथे आली ती नोव्हेंबर २०१९ मध्ये. ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद करण्यात आलं होतं. वादाची सुरुवात झाली ती गर्दीत सगळ्यांनी नाझी सलाम ठोकलेला असताना हात खालीच ठेवणाऱ्या माणसाच्या, त्यांनी लावलेल्या प्रसिद्ध छायाचित्रावरून. संतापलेले पुष्कळ लोक मॅस्टोडॉनवर गेले. त्यातले बरेच परतले. नुसत्या रागाच्या भरात केलेलं स्थलांतर टिकत नाही, कारण नव्या जागी करायचं काय, हे ठरलेलं नसतं.

इथे पहिल्या दिवशी पान कोरं दिसतं. आपण कुणाला फॉलो करत नाही तोवर ते कोरंच राहतं, आणि नंतरही ज्या क्रमानं लोक लिहितात त्याच क्रमानं दिसतं. जाहिरात नाही. मी धरणाचा एक फोटो टाकायला घेतला, तर फोटोत काय आहे ते शब्दांत लिहिण्याची जागा दिसली. दृष्टिहीन माणसाचा फोन ते वर्णन वाचून दाखवतो. तिथल्या लोकांचा या गोष्टीबाबत आग्रह असतो आणि तो मला फार मोलाचा वाटला. मी लिहिलं: 'दगडी भिंतीवरून पाण्याचा पातळ पडदा पडतोय. डावीकडे लाल चिखलाची वाट. धुक्यामुळे डोंगर दिसत नाही.' त्याखाली जर्मनीतल्या एका मराठी बाईंनी विचारलं, "ही राजमाचीला जाणारीच वाट ना? अजून कच्चीच आहे का हो?" मग बराच वेळ आम्ही त्या वाटेबद्दल बोललो.

मराठी माणसं इथे अजून थोडी आहेत. शिवाय सर्व्हर काही हौशी मंडळी पदरमोड करून, देणग्यांवर चालवतात; ती थकली तर हे सर्व्हरही बंद पडतात. सर्व्हर बदलला तर फॉलोअर सोबत नेता येतात, जुनं लिखाण मात्र नव्या खात्यात जात नाही. म्हणून मॅस्टोडॉन आपल्या संकेतस्थळावर त्याच सर्व्हरांची शिफारस करतं, जे रोज बॅकअप घेण्याचं आणि बंद करण्याआधी निदान तीन महिने कळवण्याचं वचन देतात. खातं उघडण्याआधी एवढं पाहून घ्या. सर्व्हर आवडला, परवडत असेल तर वर्षाकाठी काही रक्कम द्या.

आणि मॅस्टोडॉनवर या किंवा येऊ नका, फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स, जिथे कुठे लिहीत असाल तिथल्या सेटिंग्जमध्ये आपलं सगळं लिखाण उतरवून घेण्याची सोय आहे. आज चहा झाला की ते काम करून टाका.