पाच डॉलरची अंगठी आणि दुसरे शील



 

या वेळी एक प्रश्न तुमच्यासमोर ठेवतो. समजा, शनिवारी सकाळी तुमच्या वस्तीत एका घरासमोर यार्ड सेल लागला आहे. घरातली आजी नर्सिंग होममध्ये गेली आहे, घर विकायला काढले आहे, आणि तिचा नातू अंगणात टेबले मांडून सामान विकतो आहे. तुम्ही पाच डॉलरला खोट्या दागिन्यांचा एक डबा घेता, मुलीला खेळायला म्हणून. त्यातली एक अंगठी बरी दिसते, म्हणून बोटाच्या मापाची करून घ्यायला जौहऱ्याकडे नेता. तो भिंग लावून पाहतो आणि सांगतो की खडा खरा हिरा आहे, दहा-बारा हजार डॉलर सहज येतील.

तीन आठवड्यांनी त्या आजीची मुलगी तुमच्या दारात उभी राहते. म्हणते, "ती माझ्या आईची अंगठी आहे. भाच्याला काही माहीत नव्हते. हे तुमचे पाच डॉलर घ्या आणि अंगठी परत द्या."

अंगठी कोणाची?

आपल्यापैकी काही जण लगेच म्हणतील, "मी पैसे मोजले, अंगठी माझी." काही जण तितक्याच लगेच म्हणतील, "परत देऊन टाकावी, कशाला कुणाचा तळतळाट घ्या." माझ्या मते दोन्ही उत्तरे घाईची आहेत. पहिल्यात फक्त पावतीचा विचार आहे, दुसऱ्यात फक्त भीतीचा. आपण दर रविवारी विहारात पंचशील म्हणतो, त्यातले दुसरे शील या अंगठीबद्दल काय सांगते ते जरा नीट पाहू.

कायदा कुठपर्यंत नेतो

आधी कायदा, कारण बाबासाहेबांची लेकरे कायद्याला बाजूला सारून नीतीच्या गप्पा मारू शकत नाहीत. अमेरिकेत असे वाद खूप जुने आहेत. विस्कॉन्सिनमधल्या एका बाईकडे एक खडा होता. १८८३ साली, पैशाची फार नड होती म्हणून, तिने तो मिलवॉकीच्या एका जौहऱ्याला एक डॉलरला विकला. तो पुष्कराज असावा असे दोघांनाही वाटत होते. निघाला कच्चा हिरा, सुमारे सातशे डॉलरचा. बाईने एक डॉलर आणि वर दहा सेंट व्याज देऊ करून खडा परत मागितला. जौहऱ्याने नाही म्हटले. १८८५ साली विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की दोघांनाही खरी गोष्ट माहीत नव्हती, कुणी कुणाला फसवले नाही, म्हणून सौदा पक्का.

ॲरिझोनात तर मृत व्यक्तीच्या सामानाच्या विक्रीत साठ डॉलरला गेलेली दोन चित्रे पुढे लिलावात दहा लाख डॉलरच्या वर गेली. न्यायालयाने २००० साली तीही घेणाऱ्याकडेच ठेवली. वस्तू नीट पारखून न घेता विकायला काढणे ही विकणाऱ्याची जोखीम, असे न्यायालयाचे म्हणणे.

पण माल चोरीचा असेल तर गणित उलटते. फ्ली मार्केटमध्ये सात डॉलरला घेतल्याचे सांगितले गेलेले रेन्वारचे एक छोटे चित्र १९५१ साली बाल्टिमोरच्या संग्रहालयातून चोरीला गेलेले होते. २०१४ साली न्यायालयाने ते संग्रहालयाला परत दिले. चोराकडे मालकी नसते, म्हणून तो ती पुढे देऊही शकत नाही, मग मधे कितीही प्रामाणिक हात बदललेले असोत.

म्हणजे आपल्या अंगठीबाबत कायदा मुख्यतः एवढेच विचारेल: नातवाला ती विकायचा अधिकार होता का? आजी हयात आहे, सामान तिचे आहे. तिने किंवा तिच्या वतीने कुणी परवानगी दिली असेल तर अंगठी बहुधा तुमची. नसेल तर तिच्या मुलीच्या म्हणण्यात दम आहे. हा प्रश्न वकिलाचा आहे आणि तो सोडवायलाच हवा. पण समजा उत्तर तुमच्या बाजूने आले. मग विषय संपला का?

आपण तरी असे म्हणू नये. कायद्याने जे आपले ते न्यायानेही आपलेच, हे समीकरण आपल्या पूर्वजांवर उलटे चालवले गेले आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांचे दागिने लोखंडाचे असावेत असा नियम आहे, आणि शूद्राने धनाचा संचय करू नये असाही. तोही कुणाच्या तरी लेखी कायदाच होता. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला तो जाळला गेला. त्याच महाडला बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना सांगितले की कथलाच्या आणि चांदीच्या दागिन्यांचे ओझे ही तुमच्या अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाकून द्या. दागिना म्हणजे फक्त धातू आणि खडा नव्हे, त्यात कुणाचा मान आणि कुणाचा अपमान असतो, हे आपल्याला शिकवावे लागत नाही.

'न दिलेले' म्हणजे काय

दुसऱ्या शीलाचे आपण मराठीत 'चोरी करणार नाही' असे भाषांतर करतो. बावीस प्रतिज्ञांमध्येही ते त्याच शब्दांत आहे. मूळ पाली शब्द मात्र अदिन्नादान असा आहे: जे दिले गेले नाही ते घेणे. 'चोरी' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कुलूप तोडणारा माणूस येतो आणि आपण निवांत होतो. 'न दिलेले' म्हटले की प्रश्न आपल्यापाशी येऊन थांबतो.

अट्ठकथांमध्ये हे शील मोडायला पाच गोष्टी लागतात असे सांगितले आहे: वस्तू दुसऱ्याची असणे, ती दुसऱ्याची आहे हे माहीत असणे, चोरीचे मन असणे, त्यासाठी प्रयत्न करणे, आणि त्या प्रयत्नाने वस्तू घेतली जाणे. या कसोटीवर तुम्ही डबा घेतलात तेव्हा काहीच मोडले नाही. तुम्हाला काही माहीत नव्हते आणि मनातही काही नव्हते. लंडनच्या एका कार बूट सेलमध्ये १९८० च्या दशकात दहा पौंडाला घेतलेली एक अंगठी घेणाऱ्या बाईने खोटी समजून वर्षानुवर्षे रोज वापरली. पुढे कळले की तो सव्वीस कॅरटचा हिरा आहे, आणि २०१७ साली तो लिलावात साडेसहा लाख पौंडांच्या वर गेला. तिला दोष द्यायला जागा नाही.

पण या पाचांमधली दुसरी गोष्ट, 'माहीत असणे', ही एकदाच घडून संपत नाही. जौहऱ्याने भिंग खाली ठेवले त्या क्षणी तुम्हाला माहीत झाले. आजीची मुलगी दारात आली तेव्हा आणखी माहीत झाले. त्यानंतर अंगठी ठेवून घेणे ही नवी कृती आहे आणि तिचा हिशेब नव्याने होतो.

आता 'देणे' या शब्दाकडे पाहा. नातवाने तुम्हाला काय दिले? डबा दिला, काचेचे खडे दिले. त्याने हिरा दिला का? जे आपल्या हातात आहे हे देणाऱ्यालाच माहीत नाही, ते त्याने दिले असे किती म्हणता येईल? माझे म्हणणे एवढेच आहे की दान असो की विक्री, जाणून दिलेले तेच पुरते दिलेले. अजाणता हातातून गेलेले कायद्याने आपले होऊ शकते, पण शीलाच्या दृष्टीने ते अर्धेच दिलेले असते.

सोन्याचे ताट आणि दोन फेरीवाले

सेरिवाणिज जातकात हीच गोष्ट आहे. जातककथा इतिहास म्हणून नव्हे, विचार म्हणून वाचू. एकेकाळी श्रीमंत असलेल्या घरात एक आजी आणि एक नात उरल्या आहेत. दागिने विकणारा फेरीवाला येतो, नात हट्ट धरते. आजीकडे पैसे नाहीत, म्हणून ती अडगळीतले एक मळके ताट बदल्यात देऊ करते. फेरीवाला सुईने रेघ ओढून पाहतो. ताट सोन्याचे आहे हे त्याला कळते. तो म्हणतो, "याला अर्धा मासाही कुणी देणार नाही," आणि ताट टाकून निघून जातो. परत येऊन फुकटात न्यायचा त्याचा बेत असतो. मग दुसरा फेरीवाला येतो. तो ताट पाहून सांगतो, "आई, हे लाखाचे आहे. माझ्याकडे एवढे धन नाही." आजी त्यालाच ताट देते. तो जवळचे पाचशे कार्षापण आणि तेवढ्याच किमतीचा माल देतो, वाटखर्चाला आठ नाणी ठेवतो आणि जातो.

लक्षात घ्या, दुसऱ्यानेही ताट लाखाला घेतलेले नाही. त्यालाही मोठा नफा झाला. फरक एवढाच की त्याने आधी खरे सांगितले आणि मग आजीने जाणून दिले.

ही कथा वाचताना मला प्रत्येक वेळी वाटते की आपण त्या आजीच्या घरचे आहोत. दुष्काळात, आजारपणात, मुलाच्या फीसाठी आपल्या आज्या-पणज्यांनी चांदीचे गोठ, तोडे सावकाराच्या तराजूत टाकले. "यात घट फार आहे, चांदी कमीच आहे," हे वाक्य त्यांनी ऐकले आहे. त्यांना वजन वाचता येत नव्हते आणि सावकाराला येत होते, एवढ्या एका फरकावर घरेच्या घरे बुडाली. आज आपण शिकलो, परदेशात आलो. खिशातला फोन वस्तूवर धरला की दहा सेकंदांत तिची किंमत दिसते. पलीकडे मात्र आईच्या आजाराने गांगरलेले एखादे कुटुंब घाईघाईने घर रिकामे करत असते. तराजू आता आपल्या हातात आहे.

दोन आक्षेप

कुणी म्हणेल, "मग जाणकारीला किंमत नाही का? जुन्या वस्तूंचा व्यापारी वर्षानुवर्षे अभ्यास करतो." किंमत जरूर आहे. दुकानदार दुकानदाराकडून घेतो तेव्हा दोघेही जोखीम जाणून बसलेले असतात. पण ज्ञानाचा मोबदला घेणे वेगळे आणि समोरच्याच्या अज्ञानावर जगणे वेगळे. दुसरा फेरीवालाही जाणकारच होता.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. "आम्ही दोन सुटकेस घेऊन आलो. आम्हाला कुणी काही दिले नाही. एकदा नशिबाने काही हाताला लागले तर तेही परत करायचे?" बाबासाहेबांनी दारिद्र्याचे गोडवे कधी गायले नाहीत, तथागतांनीही नाहीत. अनाथपिंडिकाला त्यांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली: धन असण्याचे, ते भोगण्याचे, कर्ज नसण्याचे आणि निर्दोष असण्याचे. चौथ्याच्या सोळाव्या हिश्शाचीही सर बाकीच्यांना येत नाही, असेही सांगितले. अंगठी दडवून ठेवली तर पहिली दोन सुखे मिळतील. चौथे मिळेल का, हे ज्याचे त्याने आरशासमोर विचारावे.

मग करायचे काय?

'जातिप्रथेचे विध्वंसन' या १९३६ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी नियम आणि तत्त्व यांत फरक केला. नियम काय करायचे ते सांगतो, तत्त्व विचार करायला लावते आणि निर्णयाची जबाबदारी आपल्यावर टाकते. म्हणून मी नियम देत नाही. मी त्या जागी असतो तर काय केले असते, तेवढे सांगतो.

वस्तू चोरीची असल्याचे कळले तर चर्चा नको, ती परत. कोटाच्या खिशात, पुस्तकाच्या पानांत चुकून राहिलेली वस्तू तर विकलीच गेलेली नाही. विशाखेचे दागिने जेतवनात राहिले तेव्हा विनयात असाच नियम झाला: विहारात राहून गेलेली मौल्यवान वस्तू उचलून नीट ठेवावी, ज्याची असेल तो घेऊन जाईल. अशी वस्तू आपल्याकडे ठेव म्हणून असते.

आणि आपली अंगठी? आजीच्या मुलीला घरात बोलवावे, चहा द्यावा आणि जौहऱ्याने सांगितलेला आकडा आधी सांगावा. ती आकडा न जाणता पाच डॉलर घेऊन आली असेल, तर हे सांगणे हेच सर्वात अवघड आणि सर्वात महत्त्वाचे काम आहे. ती आईची आठवण असेल तर मी ती दिली असती. तिला फक्त पैसे हवे असतील, तर दोघांनी बसून वाटणी ठरवण्यात मला काही गैर दिसत नाही, कारण ओळख पटली ती आपल्यामुळेच. आणि खरे कळूनही ती "राहू द्या तुम्हालाच" म्हणाली, तर मोकळ्या मनाने ठेवावी. तेव्हा ती अंगठी खऱ्या अर्थाने दिलेली असेल.

घरातली मुले हे सगळे पाहत असतात. पंचशील त्यांना पाठ आहे, पण त्याचा अर्थ ती अशाच वेळी शिकतात. म्हणून या रविवारी जेवताना हा प्रश्न त्यांच्यासमोर ठेवा, आणि आपले उत्तर सांगण्याआधी त्यांचे ऐका. तुमची मते वेगळी असतील तर अवश्य लिहून पाठवा, पुढच्या अंकात त्यावर बोलू.

जय भीम. जय बुद्ध.