जमादाराची पोर

भाचीची नाइट ड्युटी आठला सुरू होणार होती. सावंगीच्या विनोबा भावे रुग्णालयाजवळच्या टपरीवर चहा घेता घेता तिने दोनशे पानी वही माझ्यापुढे सरकवली. मुलांसाठी हेरकथा लिहितेय. आष्टीतली 15 वर्षांची मुलगी, बाप ठाण्यात जमादार, आणि ही भूमिगतांच्या चिठ्ठ्या पोचवते. 16 ऑगस्ट 1942ला मोर्चा ठाण्यावर जाणार, हे तिला ठाऊक आहे. त्या दिवशी आष्टीत दोन्हीकडची माणसं मेली. बापाला सांगायचं की नाही, इथे वही अडली होती.

“मुळात चिठ्ठ्याच चूक,” मी म्हटलं. “सेवाग्राम इथून किती लांब? 1944 साली कैदेतून सुटल्यावर बापूंनी भूमिगत अरुणा असफ अलींना कळवलं, लपणं सोड, हजर हो.”

“झाल्या हजर?”

“नाही. 1946 मध्ये वॉरंट रद्द झाल्यावर बाहेर आल्या.”

“बापूंना पकडलं की जग विचारायचं, मावशी. जमादाराच्या पोरीला कोण विचारणार होतं?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

“आणि हौसाबाई पाटील?” ती म्हणाली. “क्रांतिसिंह नाना पाटलांची मुलगी. 1943 मध्ये भवानीनगरच्या चौकीसमोर तिने मार खायचं सोंग केलं. पोलीस सोडवायला धावले, तेवढ्यात साथीदारांनी बंदुका नेल्या. 17 वर्षांची होती. तीही चूक?”

“त्या पोलिसांतला शिपाई सरकारचा म्हणून नाही धावला. बाई मार खातेय म्हणून धावला. त्याच्यातलं जे चांगलं, त्यालाच गळ लावला. पुढे खरंच कुणी मार खाल्ला, तर उठेल तो?”

“तोच शिपाई दुसऱ्या दिवशी गावावर लाठी चालवणार.”

“दुसऱ्या दिवशी. त्या घटकेला नाही.”

“घटकेघटकेला माणूस वेगळा धरला, तर कुणाशीच लढता येणार नाही.”

बराच वेळ आम्ही त्या शिपायापाशीच घुटमळलो. हौसाबाई मला थोर वाटतात आणि तो शिपाई फसला याचं वाईटही वाटतं. यातलं एकही मला सोडवत नाही.

“तिचा बाप आणि लढा एकाच बाजूला होते,” मी म्हटलं.

“म्हणूनच मी तिच्यावर लिहीत नाही.”

“तुझ्या पोरीला चिठ्ठ्या देतं कोण?”

“शाळेतले गुरुजी. जमादाराच्या मुलीची झडती कोण घेणार?”

मी वही मिटली. पोरीच्या हाती चिठ्ठी देणाऱ्या मोठ्या माणसाचा मला राग आला. “मग हा प्रश्न आधी गुरुजींना पडू दे. लेकराला तिच्याच बापाविरुद्ध वापरतात!”

“त्यांना पडला असता, तर ती घरात भाकऱ्या थापत बसली असती. तिला लढ्यात यायचंच होतं. बाप तिला निवडू देत नाही, आणि तूही नाही.”

पावणेआठ झाले. मी पुन्हा शेवटचं पान उघडलं. पोरगी चिंचेने बापाच्या वर्दीची पितळी बटणं घासतेय. एक बटण राहिलंय.

“बाप काहीच बोलत नाही?”

“बोलतो. आज घराबाहेर पडू नको म्हणतो.”

“म्हणजे ठाण्यातली खबर तो तिला...”

“हो,” वही पिशवीत टाकत ती म्हणाली. “तो सांगून टाकतो.”