पुढच्या खेपेचा प्रश्न

काही वर्षांपूर्वी भंडारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आम्ही एका सरकारी कार्यालयात कामानिमित्त गेलो होतो. धानाची कापणी नुकतीच उरकली होती आणि कचेरीत गर्दी होती. दोन्ही पाय निकामी झालेला एक प्रौढ शेतकरी हाताने चालवायच्या तीनचाकी सायकलवरून दाराशी आला. त्याचे काम वरच्या मजल्यावर होते. समोरच्या चहाच्या टपरीवरून कोणीतरी खुर्ची आणली. चौघे पुढे झाले, त्यांत आम्हीही होतो. खुर्चीसकट उचलून आम्ही त्याला वर नेले आणि सही-शिक्का झाल्यावर तसेच खाली आणले. आम्हांला मनातून बरे वाटत होते, आणि ते त्याच्या ध्यानात आले असावे. सायकलच्या दांड्यावर हात ठेवीत तो शांतपणे म्हणाला, "उपकार झाले जी. पण पुढच्या खेपेले तुम्ही असान का?"

त्या वाक्यात तक्रार नव्हती. तरीही त्याने आमचे समाधान हिरावून घेतले. कारण आम्ही पुढच्या खेपेला तेथे असणार नव्हतो, आणि पायऱ्या मात्र असणार होत्या.

आपल्याच जमिनीच्या कागदावर सही करण्यासाठी एखाद्याला परक्यांच्या चांगुलपणाची वाट पाहावी लागते, ही नुसती गैरसोय म्हणावी की अन्याय? अन्याय म्हणावा, तर अन्याय करणारा कोठे आहे? ज्याने ती इमारत बांधली त्याच्या मनात कोणाविषयी आकस नव्हता. म्हणूनच आपण अशा वेळी दैवाला बोल लावतो आणि सुटतो. पण नीट पाहिले तर तो शेतकरी आपल्या घरापासून दारापर्यंत स्वतःच्या हातांच्या बळावर आला होता. वाटेतील चढ-उतारांनी त्याला अडविले नाही. त्याला अडविले ते पहिल्या पायरीने. त्याचे पाय गेले ते आजाराने, तेथे कोणाचा इलाज चालला नाही. पायरी मात्र आजाराने आलेली नाही. ती कोणीतरी कागदावर रेखाटली, कोणीतरी तिच्या खर्चाला मंजुरी दिली, कोणीतरी ती बांधून घेतली. जे माणसांनी ठरवून केले, त्याचे उत्तरदायित्व माणसांवरच येते, मग ते करताना मनात द्वेष असो वा नुसता विसर.

ही गोष्ट केवळ आडवळणाच्या तालुक्यांची आहे असेही नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत, दिव्यांगांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या विराली मोदी यांना स्वतःच्या विवाहनोंदणीसाठी दुसऱ्या मजल्यावरील कार्यालयात उचलून न्यावे लागले. त्या चाकाची खुर्ची वापरतात आणि त्या इमारतीत लिफ्ट नव्हती. त्यांनी हा अनुभव जाहीर केल्यावर तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी दिलगिरी व्यक्त केली. दिलगिरी आवश्यकच होती. पण ज्यांचा आवाज मंत्रालयापर्यंत पोहोचत नाही, त्यांची दिलगिरी कोणी मागावी?

आपल्या कायद्याने या प्रश्नाचा विचार केलेला नाही असे नाही. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्याने सार्वजनिक इमारतींना उतार बांधण्याची जबाबदारी शासनावर व स्थानिक संस्थांवर टाकली, परंतु 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' असा शब्दप्रयोग करून पळवाटही ठेवली. २०१६ च्या कायद्याने हक्काची भाषा स्वीकारली. जुन्या सार्वजनिक इमारती नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षांत सुगम कराव्यात, असे त्यात म्हटले आहे. ते नियम जून २०१७ मध्ये निघाले, म्हणजे ती मुदत जून २०२२ मध्ये भरली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने राजीव रातुरी या दृष्टिहीन याचिकाकर्त्याच्या खटल्यात निकाल दिला. सुगमतेचे निकष केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणारा नियम मूळ कायद्याशी विसंगत असून, बंधनकारक निकष केलेच पाहिजेत, असे न्यायालयाने सांगितले. रातुरी यांची मूळ याचिका २००५ ची. शिफारस आणि बंधन यांतील अंतर ओलांडण्यास एकोणीस वर्षे लागली. मधल्या काळात आपण 'अपंग' हा शब्द टाकून 'दिव्यांग' हा शब्द घेतला. शब्द बदलणे पायरी बदलण्यापेक्षा नेहमीच सोपे असते.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. निधी तुटपुंजा असतो, शाळेचे छप्पर गळत असते, आणि अशा वेळी महिन्यातून एखाद्या येणाऱ्या माणसासाठी एवढा खर्च करावा काय, असे अधिकारी विचारतात. हा प्रश्न दुष्टपणाचा नाही. पण त्यातील हिशेब चुकीचा आहे. महिन्यातून एखादाच येतो, कारण बाकीचे येऊ शकत नाहीत. जे दार बंद आहे त्याच्यातून किती जण आत गेले हे मोजून दाराची गरज ठरवता येत नाही. शिवाय पायऱ्याही फुकट बांधल्या जात नाहीत. त्यांचा खर्च आपल्या डोळ्यांत येत नाही, कारण तो आपल्यासाठी केलेला असतो.

दुसरीकडे, केवळ देखाव्याचे काम करून पुण्य पदरात पाडून घेण्याची वृत्तीही आहे. एक फूट उंचीसाठी निदान बारा फूट लांबीचा उतार असावा, हा सर्वमान्य निकष आहे. दीड फूट उंच ओट्याला अठरा फूट लागतात. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी चार-पाच फुटांचा खडा उतार दिसतो, त्याच्या तोंडाशी मोटारसायकली उभ्या असतात, आणि खास प्रसाधनगृहाची किल्ली रजेवर गेलेल्या शिपायाच्या खिशात असते. त्या उतारावरून एकट्याने कोणी कधी वर गेला आहे काय, हे विचारणारा मात्र कोणी नसतो.

आणि प्रश्न फक्त उताराचा नाही. भंडाऱ्यासह पूर्व विदर्भात सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. २०१६ च्या कायद्याने मान्य केलेल्या एकवीस प्रकारांत तो आहे. असा रुग्ण चालतो, बोलतो, चारचौघांसारखा दिसतो. पण श्रमाने, थंडीने, शरीरातील पाणी कमी झाल्याने त्याला असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. लाखांदूर तालुक्यातील अशी एखादी मुलगी प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी येते तेव्हा तिला उतार नको असतो. तिला बसायला बाक हवा असतो, प्यायला पाणी हवे असते, आणि "तुला काय झाले आहे?" असे रांगेतून कोणी खेकसू नये एवढीच तिची अपेक्षा असते. तिला उचलून नेण्यासाठी कोणी पुढे येत नाही, कारण तिचे दुःख दिसत नाही. जेथे सारी मदत दयेवर सोडलेली असते, तेथे जे दिसते त्यालाच मदत मिळते. न दिसणाऱ्याला आधार हवा असेल तर तो आधी ठरवून ठेवलेलाच असावा लागतो.

आपल्या परिचयाची एक कथा या संदर्भात आठवते. चार जणांनी एका पक्षाघाती मनुष्याला घराचे छप्पर उघडून येशूपुढे खाली सोडले. त्या चौघांच्या श्रद्धेवर आपण पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत. परंतु त्यांना छपरावर का चढावे लागले, हे आपण सहसा विचारत नाही. दारात माणसे दाटली होती. ती वाईट नव्हती, उलट प्रभूचे वचन ऐकायलाच आली होती. त्यांनी फक्त वाट दिली नाही. त्या रुग्णाला चार मित्र होते म्हणून तो आत पोहोचला. ज्याला मित्र नव्हते, तो कदाचित अंगणातूनच परतला असेल.

मग हक्क आला म्हणजे दया संपते काय? आम्हांला तसे वाटत नाही. त्या शेतकऱ्याला आम्ही उचलले नसते तर ते निर्दयपणाचे झाले असते. पण उचलल्यानंतर आम्ही घरी गेलो आणि पायरीविषयी कोणाला दोन ओळींचा अर्जही केला नाही, हा आमचा खरा अपराध. जी दया एका खेपेपुरती उरते, ती देणाऱ्याला मोठे करते आणि घेणाऱ्याला पुढच्या खेपेलाही ऋणाईत ठेवते. हक्क त्याला त्या ऋणातून मोकळे करतो. मग आपण त्याच्या शेजारी बाकावर बसून यंदा धान कसे पिकले हे विचारू शकतो, आणि तो आपल्याशी बरोबरीने बोलू शकतो.

इतरांच्या कचेऱ्यांकडे बोट दाखविण्याआधी आपण आपल्या चर्चच्या, शाळेच्या आणि सभागृहाच्या पायऱ्या एकदा मोजून पाहाव्यात. ज्यांना त्या चढवत नाहीत ते रविवारी कोठे असतात, याचीही चौकशी करावी. आपल्यापैकी कित्येकांना म्हातारपणी त्याच पायऱ्यांशी थांबायचे आहे. तेव्हा उचलायला चौघे असतील की नाही, हे आज कोण सांगू शकेल?