टाटाला नेलंय

‘पोराला टाटाला नेलंय.’ गावाकडे आजाराचं नाव असं हॉस्पिटलावरून सांगतात. ‘कर्करोग’ हा शब्द वर्तमानपत्रातला. बोलताना ‘कॅन्सर’सुद्धा आवाज खाली आणूनच. मेहेरबाई टाटा ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरने गेल्या आणि पुढे १९४१ साली परळला हे रुग्णालय उभं राहिलं. ज्या दारात आपण आशेने उभे राहतो, ते एका घरातल्या मृत्यूने उघडलेलं आहे.

मुलांमध्येही रक्ताचाच कॅन्सर अधिक. उपचार दोन-तीन वर्षं चालतात. आई मुलाला घेऊन मुंबईत, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत नाहीतर सेंट ज्यूडच्या निवासात. बाप गावी, कारण सोयाबीनही थांबत नाही आणि उसनवारीही. एका घराची दोन बिऱ्हाडं होतात.

येणारा-जाणारा ‘धीर धरा’ म्हणतो. त्या आईला मी धीर धरताना पाहिलेलं नाही. पाणी उकळताना पाहिलं आहे. रक्ताचा काउंट किती आला, हे ती विचारते. पोराचं तोंड आलं की भात मऊ शिजवते, तिखट वगळते. फाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरते. भीतीला तिने कामाला लावलेलं असतं. याला कुणी कर्मयोग म्हणेल. म्हणोत बापडे, पण फळाची आशा सोड, हे तिला सांगू नये. तिला फळच हवं आहे.

आणि ते मिळतंही. भीमावरमला जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत ज्या प्रयोगशाळेत संशोधनप्रमुख होते, तिथली औषधं बॉस्टनच्या सिडनी फार्बरनी ल्युकेमियाच्या मुलांना दिली. १९४८ साली त्यांनी निष्कर्ष छापले: रोग हटला, पण काही महिनेच. या पोरांना मिळणारी मेथोट्रेक्सेटची गोळी त्याच कुळातली. आज श्रीमंत देशांत कॅन्सर झालेली ऐंशी टक्क्यांहून अधिक मुलं बरी होतात. आपल्याकडे कित्येकदा उपचार मध्येच सुटतात. गाडीभाडं, बुडालेली मजुरी, आणि ‘आता बरा दिसतोय की’ हे घातक वाक्य.

या सगळ्यात एकीला कुणी विचारत नाही. आजीजवळ ठेवलेली धाकटी. तिला ‘दादाला ताप आहे’ एवढंच सांगितलेलं. गेल्या दिवाळीत आपण त्याच्याशी भांडलो म्हणून तर हे झालं नसेल, असा हिशेब ती एकटीच मांडत बसते. तिचं डोकं दुखलं तरी ती सांगत नाही. घरात दुखणं एकालाच परवडतं, हे तिला न सांगता कळलेलं आहे.

अशा घरी जाल तेव्हा दादाची चौकशी आजीकडे करा. धाकटीला ती कितवीत आहे, ते विचारा.